मालकाच्या रकान्यात सासूबाई

आमच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि तिच्या तिसऱ्या मजल्यावर लिफ्टचे मेकॅनिक राहतात. जिन्यात भेटले की कोणी ना कोणी टोमणा मारतोच, "काय लिफ्टवाले, आज पायी?" ते दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसतात. या परक्या देशात येऊन त्यांना अकरा वर्षं झाली. आपली भाषा बोलणारी आम्ही चार-पाच घरं आहोत, पण त्यांचं खरं नाव घेतलेलं मी कधी ऐकलं नाही. लिफ्टवाले म्हटलं की पुरतं.

माणूस सरळ. इतका सरळ की समोरच्यालाच कधी कधी अवघडायला होतं. दूध आणायला पाठवलं आणि दुकान बंद निघालं, तर "मिळालं नाही" एवढ्यावर ते थांबत नाहीत. दारावर पाटी होती का, पाटीवर काय लिहिलं होतं, ती सरळ होती की तिरकी, हेही सांगतात. ही सवय त्यांच्या कामाची. लिफ्टची दुरुस्ती झाली की नोंदवही भरायची असते. बदललेला साधा वॉशरसुद्धा त्यात लिहायचा. पानाच्या वर दोन रकाने असतात, एक मालकाच्या नावाचा आणि दुसरा काम करणाऱ्याच्या. "या वहीत खोटं लिहिलं तर त्याचा भुर्दंड आतल्या माणसाला," असं ते एकदा मला म्हणाले होते. ते वाक्य माझ्या लक्षात राहिलं.

पाच महिन्यांपूर्वी त्यांच्या सासूबाई इकडे आल्या. आल्या म्हणजे आणल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, लेक एकुलती एक, ती परदेशात. डोळ्यांनी हळूहळू दगा दिलेला. समोर माणूस उभा आहे एवढं दिसतं, कोण आहे ते आवाजावरून ओळखायचं. तिकडे एकट्या राहत असताना एक दिवस न्हाणीघरात पाय घसरला आणि सकाळपासून दुपारपर्यंत तशाच ओल्या फरशीवर पडून राहिल्या. शेजारणीकडे किल्ली होती म्हणून निभावलं. लेकीने ऐकलं मात्र, ती जाऊन आईला घेऊनच आली.

इथे त्यांना कमी काही नव्हतं. खिडकीजवळचा पलंग, मऊ चपला, लेक-जावयाची काळजी. पण लेक सकाळी सातलाच शिवणाच्या कारखान्यात जाते, जावई आठला. मग दिवसभर घरात त्या आणि फ्रिजची घरघर. जिन्याच्या चोपन्न पायऱ्या उतरायची त्यांना धास्ती. टीव्ही होता, पण इथल्या भाषेचा. "भांडतायत की प्रेम करतायत, तेवढंही कळत नाही हो," त्या मला म्हणाल्या. लेकीने फोनवर आपले कार्यक्रम लावून दिले. पण गुळगुळीत काचेवर बोट नेमकं कुठे ठेवायचं हे डोळ्यांशिवाय कसं कळणार? एकदा भलत्याच माणसाला फोन लागला आणि तो त्यांच्यावर खेकसला. तेव्हापासून त्यांनी फोनला हात लावला नाही.

जावयाशी त्यांचं बोलणं ठरलेलं. "जेवलात, आई?" "जेवले." दोघेही संकोची. पाच महिन्यांत संभाषण याच्या पलीकडे गेलं नव्हतं.

मग एका रविवारी त्यांनी लेकीला सांगितलं, "महिनाअखेरीस मी परत जाते. तिकीट काढ."

"तिकडे कोण आहे तुझं?"

"माझं घर आहे."

"आणि पुन्हा पडलीस तर?"

"तर पडेन. स्वतःच्या घरात पडेन."

लेक वर आमच्याकडे येऊन ढसाढसा रडली. "तिला अडवू कशी? आणि एकटी गेली, तर ती फोन उचलेपर्यंत रोज सकाळी मी जीव मुठीत धरून बसायचं," म्हणाली.

सासूबाई जाणारच असतील तर तिकडची गळकी टाकी आधी दुरुस्त व्हायला हवी, एवढं ठरवून लिफ्टवाल्यांनी चार दिवसांची रजा काढली आणि बसने सरहद्दीपलीकडे गेले. टाकी दुरुस्त केली, न्हाणीघरात भिंतीला धरायला दांडा बसवला. मग दिवाणखान्यात आले, तर टीव्हीजवळ रिमोट दिसला. चालू-बंदच्या बटणावर मसुराचा दाणा चिकटवलेला, बातम्यांच्या आकड्यावर दोऱ्याची गाठ, मालिकेच्या आकड्यावर शर्टाचं बारीक बटण. मेकॅनिक माणूस तो रिमोट हातात घेऊन बराच वेळ बसला. ज्या बाईने हे एवढं जुळवलं, ती इकडे दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसते, हे त्यांच्या मनाला लागलं.

त्यांनी डिश बसवणाऱ्याला बोलावून विचारलं. तो म्हणाला, "उपग्रहाचा सिग्नल तिकडपर्यंत पोचतो, पण अगदी कडेकडेने. ही छोटी डिश चालायची नाही, मोठी न्या." लिफ्टवाल्यांनी नवी मोठी डिश घेतली. टीव्हीखालचा जुना सेट-टॉप बॉक्स सोडवला, रिमोट घेतला. डिशच्या दांड्याच्या टोकाला मुठीएवढा एक भाग असतो, त्यालाच सिग्नल पकडायचा असतो. तो घेतला, शिवाय बिघडला तर असावा म्हणून आणखी एक. सगळं चादरीत बांधलं, बायकोला फोन केला, आईला आधी सांगायचं नाही असं दोघांचं ठरलं, आणि ते परतीच्या बसमध्ये बसले.

सरहद्दीवर मोठं सभागृह आहे. लांब टेबलं, वजनकाटा, भिंतीवर अर्जांचे नमुने. प्रवाशाने आणलेल्या वस्तूंचा अर्ज भरायचा. इथेच आमच्या लिफ्टवाल्यांनी ती गोष्ट केली जी फक्त त्यांनाच सुचली असती. पेन काढलं आणि यादी करायला घेतली. अर्जावर सहा ओळी होत्या. त्यांनी पाठकोरा कागद मागून घेतला आणि सत्तावीस नोंदी केल्या. डिश, दांडा, नट-बोल्ट मापासकट, वायर मीटरमध्ये, रिमोट खुणांसकट.

मागे रांगेत आपल्याकडचाच एक प्रवासी उभा होता. तो कळवळून म्हणाला, "अहो दादा, 'डिश एक' लिहा आणि सुटा! बस निघून जाईल."

"डिश एकच आहे, पण बाकीचं पण आहे ना," लिफ्टवाले म्हणाले.

वर मालकाचा रकाना होता. त्यात त्यांनी सासूबाईंचं नाव लिहिलं. खाली स्वतःचं, वाहून आणणारा म्हणून.

चष्मेवाल्या अधिकाऱ्याने कागद वाचला, उलटवला, पुन्हा वाचला. "तुम्ही डिश बसवायचा धंदा करता?"

"नाही. लिफ्ट दुरुस्त करतो."

"घरगुती माणूस अशी यादी करत नाही. आणि हा पुढचा भाग दोन कशाला?"

"एक बिघडला तर दुसरा."

"लिफ्टला दोन दोर असतात, तसं?"

"आमच्याकडे सहा असतात," लिफ्टवाले म्हणाले. त्यांना वाटलं, साहेबांना कामात रस आहे.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "हे सामान तुमचं का?"

"माझं नाही. सासूबाईंचं."

"त्या कुठे आहेत?"

"घरी."

"मग मालकाने स्वतः यावं, ओळखावं आणि न्यावं. आठ दिवसांत. नाहीतर जप्त." आणि पावती फाडून हातात दिली.

बायकोने दार उघडलं, तर नवरा रिकाम्या हाताने उभा. सगळी हकीकत ऐकून तिचा पारा चढला. "'माझं आहे' म्हणाला असतात तर जीभ झडली असती का तुमची? दोन शब्द! आणि आईला तीन तास बसमधून नेणार? ती या घराच्या दाराबाहेर पडत नाही! तिला सामान आणताय हे सांगायचंसुद्धा नाही असं ठरलं होतं ना आपलं?"

"मग मालकाच्या रकान्यात काय लिहायचं होतं?"

"कपाळ माझं!"

आतल्या खोलीत सासूबाई सगळं ऐकत होत्या. त्यांना डोळ्यांनी कमी दिसतं, पण कान शाबूत आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी लेक उठली तर आई न्हाऊन, केस बांधून, बाहेरची चप्पल पायात घालून खुर्चीत बसलेली. "जावईबापूंना विचार, बस किती वाजता आहे. माझा बॉक्स तिकडे अडकलाय म्हणे."

ते दोघे जिना उतरत होते तेव्हा मी वरून पाहत होतो. लिफ्टवाले एक पायरी पुढे, सासूबाई मागे. जावयाचा हात धरायला त्यांना संकोच वाटला असावा. त्यांनी लिफ्टवाल्यांच्या खांद्यावरच्या पिशवीचा पट्टा धरला होता. ते मोठ्याने पायऱ्या मोजत होते. "सतरा. अठरा. इथे वळण आहे, आई. एकोणीस."

पुढचं मला दोघांकडून वेगवेगळं कळलं, पण जुळतं. बस सुटून तास झाला. मग सासूबाईंनी विचारलं, "त्या कागदावर माझं पूर्ण नाव लिहिलंत?"

"हो. नक्कल आहे माझ्याकडे. वाचू?"

आणि त्यांनी सत्तावीसच्या सत्तावीस नोंदी वाचल्या. "रिमोटमधले सेल दोन, त्यातला एक अर्धा संपलेला" इथे आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "थांबा, थांबा. अर्धा संपलेला हे तुम्हाला कसं कळलं?"

"मीटर लावून बघितलं."

सासूबाईंना हसू आवरेना. पदर तोंडाला लावून त्या खूप वेळ हसत होत्या. पुढच्या बाकावरच्या बाईने वळून पाहिलं, तर आणखी हसल्या. "अहो, तो जुनाच राहिलाय," म्हणाल्या. "गेल्या वर्षी मी एकच बदलला होता."

सभागृहात तोच अधिकारी होता. त्याने सामान टेबलावर मांडून ठेवलं. सासूबाईंना इथली भाषा येत नाही, त्यामुळे मध्ये लिफ्टवाले उभे राहिले आणि इकडचं तिकडे सांगू लागले.

"यातलं तुमचं काय, ओळखा म्हणावं."

सासूबाईंनी टेबलावर हात फिरवला. डिशवरून हात गेला तसा तो लगेच काढून घेतला. "ही माझी नाही, ही नवी दिसते. माझी एवढी मोठी नव्हती." लिफ्टवाल्यांनी हेही जसंच्या तसं सांगितलं. अधिकाऱ्याने कपाळाला हात लावला. मग सासूबाईंच्या हाताला रिमोट लागला आणि त्यांचा चेहरा बदलला. "हा चालू करायचा. ही गाठ बातम्यांची. हे बटण माझ्या मालिकेचं. आवाज वाढवायला काही लावलं नाही, तेवढं चाचपून सापडतं." अधिकाऱ्याने एकेका खुणेवर बोट ठेवून पाहिलं. मग सगळ्याच सामानावर बरोबरची खूण केली, डिशवरसुद्धा.

"आता शेवटचं," तो म्हणाला. "हे सामान इथे कायम राहणार, की मालकाबरोबर परत जाणार? परत न्यायचं असेल तर जाताना याच टेबलावर दाखवून न्यावं लागेल. कायम लिहिलं तर मग नेता येणार नाही."

तिकीट काढलेलं होतं. महिनाअखेर बारा दिवसांवर होती. लिफ्टवाल्यांनी नुसतं "कायम" म्हटलं असतं तर साहेबांनी लिहून शिक्का मारला असता, आणि सासूबाईंना एक अक्षर कळलं नसतं. बायकोने निघताना कानात हेच सांगितलं होतं, "काय विचारतील ते विचारू देत, तुम्ही आपलं राहणार म्हणून सांगून टाका. सामान राहिलं की आई राहील."

त्यांनी सासूबाईंना पूर्ण प्रश्न सांगितला. कायम म्हटलं तर काय, परत म्हटलं तर काय, दोन्ही.

सासूबाई रिमोट हातात धरून उभ्या राहिल्या. मागची रांग चुळबुळ करू लागली. कोणीतरी च्च च्च केलं.

"तुम्ही काय सांगितलंत त्यांना?" त्यांनी विचारलं.

"अजून काही नाही."

"का?"

"प्रश्न तुम्हाला आहे, आई."

त्यांनी मान हलवली. मग एकदम म्हणाल्या, "आपल्या सातच्या बातम्या इथे कधी लागतील?"

"सहाला. इथलं घड्याळ एक तास मागे आहे."

"आणि मालिका साडेसातची, म्हणजे साडेसहाला. तुम्ही घरी कधी येता?"

"सव्वासात होतात."

"म्हणजे तुमची मालिका रोज चुकणार."

"हो. चुकणारच."

"आमच्या बाईसाहेब येतात त्या थेट स्वयंपाकाला लागतात. तिला 'हूं' म्हणायलाही फुरसत नसते. मालिका बघून कोणाला सांगितली नाही तर काय मजा? तुम्हाला चालेल ऐकायला?"

लिफ्टवाले म्हणाले, "पहिल्यापासून सांगावं लागेल. मला कोण कोणाची कोण, काही माहीत नाही."

"सांगेन की. घाई आहे का मला?" सासूबाई म्हणाल्या. "त्यांना सांगा, कायम."

डिश बसवायला दोन रविवार गेले. पहिल्या रविवारी बाल्कनीत ती फिरवताना "आलं!" "गेलं!" असा आरडाओरडा चौथ्या मजल्यापर्यंत येत होता. आता सव्वासातला खालून रोज सासूबाईंचा आवाज ऐकू येतो. आज मालिकेतल्या थोरल्या जावेने धाकटीचं पत्र लपवलं. लिफ्टवाल्यांच्या पायात अजून बूट असतात, खांद्यावर हत्यारांची पिशवी असते.

"कुठे लपवलं?" ते विचारतात.

"कपाटात."

"कुठल्या कप्प्यात?"

"ते दाखवलं नाही हो त्यांनी!"

"असं कसं? ते दाखवायला हवं होतं," लिफ्टवाले म्हणतात, आणि सासूबाई उद्या नीट लक्ष ठेवायचं कबूल करतात.