उसातला शेवटचा टर्की

दादा गेल्यापासून घरी बसायला येणारं प्रत्येक माणूस रडतं आणि उठताना दादाचा एक किस्सा ठेवून जातं. आता ते इतके साठलेत की घर भरलंय. त्यातले निम्मे टर्कीचे.

गंगापूरजवळ आमच्या शेतात माझ्या ह्या मोठ्या भावानं टर्की, म्हणजे ते मोठाले विलायती कोंबडे, पाळले होते. वाऱ्यानं शेडची जाळी फाटली आणि सगळे शेजारच्या उसात शिरले. बघता बघता रानटी झाले. मग आमची पार्टी तयार झाली: दादा, जीपवाला रफीकभाई, चिकलठाण्याला कंपनीत जाणारा सुदाम आणि मी. मी दिसेल त्याच्यावर झडप घालायचो. दादा कॉलर धरून मागं ओढायचा. "आधी ठिकाण शोधायचं. जाळं नंतर."

*

ठिकाण शोधायचं म्हणजे पायाचे ठसे, पिसं आणि शीट बघायची. नराची वाकडी, मादीची गोल, हे दादा मोबाइलवर शिकलेला. सुदाम बांधावर वाकून तेच बघत होता. खुरपायला निघालेल्या बायांनी विचारलं, काय हरवलं? लाजून सुदाम म्हणाला, अंगठी. झालं, बाया पदर खोचून शोधायला बसल्या. सगळे ठसे त्यांच्या पायाखाली गेले.

दादा म्हणाला, "अंगठी सापडल्याशिवाय ह्या काय उठत नाय."

शेवटी त्यानं स्वतःच्या बोटातली काढून मातीत टाकली.

*

मोठा आवाज झाला की नराला ओरडल्याशिवाय राहवत नाही. म्हणून एकदा उजाडताना रफीकभाईनं उसाकडं तोंड करून जीपचा हॉर्न दाबला. उसातून गुडगुड उत्तर आलं. आम्ही पुढं सरकतोय, तोवर वस्तीवरून माणसं पिशव्या घेऊन पळत आली. त्यांना वाटलं, आज जीप लवकर सुटली.

रफीकभाई म्हणाला, "दादा, पक्षी उद्या बघू. माझी तर सीट भरली." आणि गेला की!

*

टर्की दिवस मावळताना झाडावर चढतात. ते झाड हेरायला आम्ही बांधावरच्या कडुलिंबाखाली गुपचूप बसलो. वर काहीच दिसेना. सुदाम कंपनीतून थेट आलेला, अंगात पांढरा शर्ट. वरून पचकन त्याच्या खांद्यावर पडलं. तो ओरडणार, तर दादानं त्याचं तोंड दाबलं. मग खांदा नीट बघितला आणि कानात म्हणाला, "वाकडी हाय. नर वरच हाय."

*

त्या लिंबावरून आम्ही एकेक करून सगळे धरले. हा मोठा नर तेवढा राहिला. त्यानं झाडच बदललं. दादा रोज उसाकडं जाऊन हाक मारायचा, तो उत्तर द्यायचा. वहिनी म्हणायची, माझ्या हाकेला एवढं कधी धावला नाहीत.

मग दादाचं दुखणं निघालं. शहरात दवाखान्यात ठेवला. वॉर्ड रस्त्याकडेला होता. बाहेर एका ट्रकनं हॉर्न दिला आणि दादानं बोट वर केलं. सिस्टर सुई घेऊन थांबली. काय झालं, तिनं विचारलं.

"थांबा जरा," दादा म्हणाला. "उत्तर येऊ द्या."

*

दादाच्या नावानं पुण्यानुमोदनाचा विधी झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रफीकभाई आणि सुदाम न बोलावता जाळं घेऊन दारात आले. दादाचं राहिलेलं काम. मी म्हणालो, आज तो नर सोडायचा नाही.

उसाच्या कडेला जीप लावून रफीकभाईनं हॉर्न दिला. उसात काही नाही. परत दिला. काही नाही. सुदाम म्हणाला, गेला असंल कुठं तरी, नाय तर कोल्ह्यानं नेला असंल.

मला काय झालं कळलं नाही. इतके दिवस मी रडलो नव्हतो. उसाकडं तोंड करून मी जीव खाऊन ओरडलो, "दादाऽऽ!"

उसातून उत्तर आलं. अगदी जवळून.

सुदाम जाळं घेऊन उठला. रफीकभाईनं त्याचा हात धरून खाली बसवला.

"बैस," तो म्हणाला. "पोराला अजून एक हाक मारू दे."