बोंडापासून कापडापर्यंत

दुसरे महायुद्ध सुरू होण्याच्या आदल्या हिवाळ्यात, अमरावतीच्या एका मुलींच्या शाळेत, तपासणीला आलेल्या डिप्टीसाहेबांसमोर माझ्या धाकट्या बहिणीने आमच्या घरी झालेली तयारी प्रश्नांसकट जशीच्या तशी म्हणून दाखवली. ती तेव्हा तिसरीत होती. मी एका साप्ताहिकात मुद्रिते तपासत असे आणि त्या दिवशी आईच्या सोबतीला म्हणून शाळेत हजर होतो.

बहिणीबद्दल आधी सांगणे आवश्यक आहे. विचारलेल्याचे उत्तर ती क्वचित देई. ऐकलेले वाक्य मात्र बोलणाऱ्याच्याच सुरात परत म्हणे. शाळेची घंटा वाजली की कान झाकून बाकाखाली बसे. भात आणि वरण वेगवेगळे वाढले तरच जेवे. आज डॉक्टर याला स्वमग्नता म्हणतात. तेव्हा आमच्या माहितीत कोणाकडेच त्यासाठी शब्द नव्हता. शेजारी तिला मुकी म्हणत, ते खरे नव्हते. आई म्हणे, "तिचं तिचं चालू असते."

दिवाळीनंतर शाळेच्या मोठ्या बाईंनी आईला बोलावून घेतले.

"हे पाहा, मी तिला सांभाळते. पण आता डिप्टी येणार. त्यांच्यासमोर हिनं हस्तकाम दाखवलं, दोन शब्द बोलली, तर चौथीत घेते. नाहीतर घरीच ठेवा."

याआधी एका शाळेने तिला परत पाठवले होते. तिसरी शाळा घरापासून चालत जाण्याजोगी नव्हती.

हस्तकामाचा विषय होता 'बोंडापासून कापडापर्यंत'. पुठ्ठ्यावर बोंड, सरकी, रुई, सूत आणि कापडाचा तुकडा ओळीने चिकटवून आणायचा. अकोल्याच्या मावशीने बोंडांची पिशवी पाठवली. ती बहिणीने ताब्यात घेतली आणि ओसरीवर बसून एकेक बोंड सोलू लागली. रुई एकीकडे, सरकी दुसरीकडे. पुठ्ठ्याकडे तिने पाहिलेही नाही. चिकटवायची खळ हाताला लागलेली तिला चालत नसे. पुठ्ठा वडिलांनी केला.

"अहो, शाळा तिची आहे का तुमची?" आई म्हणाली. "अन् सूत वाकडं चिकटवून राहिले तुमी."

"वाकडं नाही. सूतच तसं आहे."

"सूत मी काढलं."

वडिलांनी कापडाच्या तुकड्याला खळ लावली.

वडील वकील होते. पुठ्ठा झाल्यावर त्यांनी बहिणीला समोर उभे केले आणि साक्षीदार तयार करावा तशी तिची तयारी सुरू केली. रोज संध्याकाळी तेच प्रश्न, त्याच क्रमाने. आठवड्याभरात ती सगळी उत्तरे देऊ लागली. वडील खूश होते. "आपला साक्षीदार फुटत नाही," ते म्हणाले. तपासणीच्या दिवशी त्यांची अकोल्याच्या कोर्टात तारीख होती. निघताना आईला म्हणाले, "घाबरू नको. तिले सगळं येते."

शाळेत पुठ्ठे टेबलांवर मांडले होते. मुली आपापल्या पुठ्ठ्यामागे उभ्या होत्या आणि आया, आत्या, मावश्या भिंतीला लागून. डिप्टी पुण्याकडचे होते. त्यांनी आमचा पुठ्ठा उचलून पाहिला.

"सुरेख. हे तू केलंस का गं?"

हा प्रश्न तयारीत पहिला नव्हता. बहिणीने खिडकीकडे पाहिले आणि वडिलांच्या जाड आवाजात पहिल्यापासून सुरुवात केली.

"सरळ उभी राहा. साक्षीदारानं इकडेतिकडे पाहू नये. बोंडातून काय निघते? कापूस. शाबास. कापसातून काय काढतात? सरकी. अहो, पोरीले जेवू द्या, वरण थंड होऊन राहिलं. थांब जरा, डिप्टी काय वरण विचारणार आहे? पुठ्ठा कोणी केला? बाबांनी. नाही, असं म्हणायचं नाही. मी केला म्हण. मी केला. शाबास."

वरण थंड होण्याचे वाक्य तिने आईच्या आवाजात म्हटले. आईने पदर तोंडाला लावला. डिप्टींनी चष्मा काढून पुसला.

"वडील वकील आहेत वाटतं?"

"हो," मी म्हणालो.

"कुठे आहेत?"

"अकोल्याला. तारखेवर."

"थोडक्यात वाचले." मग ते भिंतीकडे वळले. "बाकीच्या पुठ्ठ्यांचे वकील कोण?"

सगळ्या एकमेकींकडे पाहू लागल्या. शेवटी मागून एक बाई म्हणाल्या, "आमच्या घरी आत्यानं केला. मले काहून पाहता?"

सगळे एकदम हसले. त्या आवाजासरशी बहिणीने कान झाकले आणि ती टेबलाखाली गेली. मोठ्या बाईंनी आईकडे पाहिले. आईने हाक मारली नाही. सोबत आणलेल्या पिशवीतून तिने काही बोंडे काढली, टेबलाखाली सरकवली आणि बाजूला झाली. थोड्या वेळाने बहिणीचे हात कानांवरून खाली आले. ती बोंड सोलू लागली.

डिप्टी कोटासकट खाली बसले. तिचे हात पाहत राहिले. मग बहिणीने एक बोंड त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी सरकी ओढली. रुईचे तुकडे झाले. तिने ते त्यांच्या हातातून काढून घेतले, रुई चिमटीत धरून सरकी हळूच सोडवली आणि त्यांना दुसरे बोंड दिले. या वेळी त्यांची सरकी नीट निघाली.

"शाबास," बहीण म्हणाली. आवाज वडिलांचा होता.

डिप्टी गुडघे झटकत उठले. "बाई, हस्तकाम म्हणतात ते हे. आणि दोन शब्द बोलायचे होते, तर खरं बोलणारी ही एकटीच निघाली."

"चौथीत घेऊ? घंटा झाली की ही अशीच बाकाखाली जाते."

"घ्या. घंटेचं काहीतरी करा."

वडील संध्याकाळच्या गाडीने परतले. पगडीही न उतरवता त्यांनी विचारले, "साक्ष कशी झाली?"

"फुटली," आई म्हणाली. "तुमचं सांगितलं, माझं सांगितलं, वरणाचं पण सांगितलं."

"मग?"

"मग काय. चौथीत गेली. तुमच्या तारखेचं काय झालं?"

"पुढची मिळाली."

पुढच्या वर्षी बहीण चौथीत बसली. घंटा व्हायच्या आधी बाई तिला अंगणात पाठवत. त्या वर्षी हस्तकामाचा विषय होता मातीची फळे. संत्रे वडिलांनी केले.