चार बोटांचा गळा

संगमनेरच्या स्टँडवर राजूरची गाडी लागली तेव्हा चांगुणा बाकावर बसल्या बसल्या पेंगत होती. राधाकृष्ण गुरुजींनी दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा तिची पिशवी हलवली, तेव्हा कुठे तिने डोळे उघडले. वय पन्नाशीच्या आतबाहेर, पण दुष्काळ सरल्यानंतरच्या त्या पहिल्या पौषात बाई साठीची दिसत होती. गेल्या तीन वर्षांत तिने एसटीत जेवढी झोप काढली तेवढी घरात काढली नसेल.

हे सगळं झालं एका चुलीपायी. नवरा लवकर गेला, मागे एकच लेक, मालन. मालनला लहानपणापासून खोकला. धूर झाला की पोरगी कोपऱ्यात गुडघ्यांत डोकं घालून ढास काढत बसायची. औषधं झाली, अंगारे झाले, शेवटी चांगुणाने चुलीलाच हात घातला. दोन वर्षं ती चुली मोडत होती आणि बांधत होती. शेवटी एक साधली. पुढे जाळ, मागे दुसऱ्या भांड्याला भोक, त्या भोकाच्या पोटात एक अरुंद वाट, आणि तिथून कुंभाराच्या मातीच्या नळ्यांतून धूर भिंतीबाहेर. त्या अरुंद वाटेला ती गळा म्हणायची. गळा तिच्या चार बोटांएवढा. त्याहून मोठा झाला तर जाळ निघून जातो आणि भाकरी भाजत नाही, लहान झाला तर धूर माघारी येतो. चांगुणाच्या चुलीला नाक फुटलं, असं म्हणत आळीतल्या बाया आधी हसल्या, आणि मग एकेक करून तिला घरी बोलवायला लागल्या.

तिथवर सगळं बरं चाललं होतं. मग गुरुजी आले. शाळेतून निवृत्त झालेले, पण फळ्यापासून न सुटलेले. भला माणूस, त्यात वाद नाही. त्यांनी ती चूल पाहिली आणि त्यांना एक गाव पुरेना. एक चूल चांगली झाली की माणसाला हजार सुचतात, आणि हजार झाल्या की त्या बघायला जायचं मात्र कुणाला सुचत नाही. गुरुजींनी गावोगावची माणसं जमवली. कुठे गवंडी, कुठे महिला मंडळाची बाई, नळ्यांना कुंभार, नळे पोचवायला दुधाच्या गाड्या. एकेकाला चार दिवस आपल्या अंगणात बसवून चांगुणाकडून शिकवलं, हातात छापील कागद दिला, आणि एकेक टापू वाटून दिला. कागदावर गळ्याचं माप होतं, मातीचं प्रमाण होतं आणि शेवटी ठळक अक्षरात, चूल रोज सारवावी, भेग पडू देऊ नये. पुढच्या वर्षी दुष्काळ पडला, सरपण महागलं, आणि निम्म्या लाकडात स्वयंपाक करणारी ती चूल लोकांनी मागून घेतली. नऊशे चुली झाल्या. त्यातल्या चांगुणाच्या हातच्या असतील पंचवीस-तीस.

राजूरजवळच्या एका वाडीत मालनला दिली होती. तिच्या सासरची चूलही तिकडच्या गवंड्याने बांधली, रंगनाथ मिस्त्रीने. चांगुणा तेव्हा घोडेगावकडे शिकवत होती. चूल बांधल्यावर वर्षभर मालन ठणठणीत होती. आणि आता आठवड्यापूर्वी गुरुजींच्या हातात मिस्त्रीची चिठ्ठी आली: इकडच्या चुली धूर ओकतात, बाया मोडायला निघाल्या आहेत. खाली एक ओळ होती. मालनच्या छातीत पुन्हा घरघर चालू आहे, डॉक्टर म्हणतात आणखी एक हिवाळा धुरात काढला तर छाती कायमची जाईल.

ती ओळ वाचल्यापासून चांगुणाला रंगनाथ मिस्त्रीचा राग होता. मापात चुकला असणार. गवंडीच तो, भिंती बांधून बांधून बोटांची अक्कल गेली असणार. गाडी घाट चढेपर्यंत ती मनातल्या मनात त्याला बोल लावत होती, आणि मग तिला पुन्हा झोप लागली.

वाडीत पोचले तेव्हा चुली पेटायची वेळ झाली होती. मालनच्या घरातून दारावाटे धूर बाहेर येत होता. दारातच मालनची सासू भामाबाई उभी होती.

"या, विहीणबाई," ती म्हणाली. "तुमचीच वाट बघत हुते. न्हाईतर कालच पहार घातली असती."

"मोडली न्हाई त्ये बरं केलंत."

"बरं काय त्याच्यात? सुनबाई म्हनली, आय येऊ द्या, मंग मोडा. म्हनून थांबले." भामाबाईने पदराने डोळे पुसले. "आमची तीन दगडांची चूल बरी हुती. धूर व्हता, पन सगळीकडं सारखा व्हता. ही तर समोरच्याच्या तोंडावर फेकती."

आत मालन भाकरी थापत होती. आईला बघून हसली आणि हसता हसता ढास लागली. चांगुणाने ती ढास ऐकली. लहानपणीचीच होती, जराही बदललेली नव्हती. तिला एकदम वाटलं की आपण काही केलंच नाही, ही सगळी वर्षं फुकट गेली, आणि आता पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं अंगात त्राण नाही.

निरोप गेल्यावर रंगनाथ मिस्त्री आला. बरोबर एक बांबूची काडी. गुरुजींच्या अंगणात चांगुणाच्या बोटांवर मापून घेतलेली, तीन वर्षं जपलेली.

"मावशी, तुमाला वाटत आसंल मी चुकलो," तो म्हणाला. "आठ दिवस मला झोप न्हाई. पन मी एकशेदहा चुली बांधल्या, आन एकबी ह्या काडीबिगर बांधली न्हाई."

"दे हिकडं."

तिने मालनला जाळ ओढून विझवायला लावला, मागचं भांडं उतरवलं, चूल निवू दिली आणि भोकातून काडी गळ्यात घालायला गेली. काडी आडवी जाईना. तिने मिस्त्रीकडे बघितलं. त्याचा चेहरा उतरला. मग तिने काडी ठेवली आणि हात घातला. दोन बोटं गेली, तिसरं अडलं. बोटांना काहीतरी ओळखीचं लागत होतं. दगड नव्हता, वीट नव्हती. गुळगुळीत, थरावर थर, कडेला कागदाच्या घडीसारखं सुटलेलं.

"इळा आना," ती म्हणाली.

"चुलीला इळा लावायचा?" भामाबाई पुढे झाली. "लक्ष्मीला लावल्यागत हाय त्ये."

"मोडायला निघाला व्हता की पहारीनं. इळ्यानं काय व्हतंय?"

गुरुजींनीच भिंतीला खोचलेला इळा काढून दिला. चांगुणाने बेतानं खरवडायला घेतलं आणि थर निघायला लागले. माती, काजळी, माती, काजळी. रोज सकाळी चूल पारोशी राहू नये म्हणून शेणामातीचं पोतेरं फिरतं. चांगली सून ते आतपर्यंत फिरवते, भोकाच्या पोटातसुद्धा. एका दिवसाचा थर नखाच्या जाडीचाही नसतो. पण वर्षाचे दिवस किती असतात ते कुणी मोजलं नव्हतं. पायलीभर खपल्या निघाल्या. शेवटी काडी आडवी आत गेली, पुरेपूर चार बोटं.

"मिस्त्री, मी तुला वाटभर शिव्या घातल्या," चांगुणा म्हणाली. "माझं चुकलं."

मिस्त्रीने काडी उचलली आणि धोतराला पुसत बसला.

मालनने पुन्हा जाळ केला. धूर थोडा घुटमळला आणि मागे ओढला गेला. घर निवळलं. भामाबाई बाहेर जाऊन नळ्याच्या तोंडाकडे बघून आली आणि चहाचं आधण ठेवायला लागली. मालन बचावली होती. चांगुणाच्या छातीवरचा धोंडा उतरला, पण जागचं उठवेना.

"मालन, अगं महिन्या-दीड महिन्याला गळा खरवडायचा असतो," ती म्हणाली. "तुला ठावं न्हाई व्हय?"

"न्हाई. कुनी सांगितलं?"

"माझ्या घरात वाढलीस की तू. दहा वर्सं त्याच चुलीवर रांधलंस."

"रांधलं," मालन म्हणाली. "पन खरवडताना मी तुला कधी बघितलं न्हाई, आये. मला वाटलं, ती चूल तशीच ऱ्हाते."

चांगुणाने आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. खरं होतं. ती खरवडायची ते आंघोळीआधी, पोर झोपेत असताना. आळीत कुणाकडे चहाला गेली तरी बोलता बोलता हात मागच्या भोकात घालायची आणि खपल्या काढून टाकायची. घरच्या बाईलाही कळायचं नाही, आणि तिला स्वतःलाही नाही. हाताला माहीत होतं, तोंडाला माहीत नव्हतं. अंगणातल्या चार दिवसांत तोंडाने जेवढं सांगितलं तेवढं कागदावर आलं, आणि कागदावरचं सगळं नऊशे घरांत अक्षरशः पोचलं. कुणी हयगय केली नव्हती. रोज सारवा म्हटलं, बायांनी रोज सारवलं.

"गुरुजी," ती म्हणाली, "नव्या चुली आता थांबवा."

"पाचशेचा शब्द देऊन बसलोय, चांगुणाबाई. नळे भाजून तयार आहेत." गुरुजींचा आवाजही थकला होता. "कागदात एक ओळ वाढवू. पुढच्या खेपेला छापून घेऊ."

"पुढच्यांचं झालं. ह्या नऊशांचं काय? त्या बायांना कागद वाचता येतो व्हय?"

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

चांगुणाने दोन्ही गुडघ्यांवर हात रेटून स्वतःला उभं केलं. इळा उचलला. मालन म्हणाली, आये, आज पड, उद्या बघ. चांगुणालाही तेच हवं होतं, मनापासून हवं होतं. पण शेजारच्या घरातूनही ढास ऐकू येत होती, बारक्या पोराची.

शेजारीण केशरबाई अंगणातच होती. चूलवाली बाई स्वतः दारात आलेली बघून तिला कुठे ठेवू आणि कुठे नको झालं. धूर भरलेल्या घरात हाताला धरून तिने चांगुणाला चुलीपाशी नेलं. चूल लखलखीत होती, कुठे पोपडा नाही, भेग नाही, कडा बोटांनी गोल केलेल्या.

"बघा, मावशी," केशरबाई डोळ्यांचं पाणी पुसत अभिमानाने म्हणाली. "धुरानं जीव गेला, पन तुमचा शब्द मोडला न्हाई. आजारपनातबी एक दिवस सारवायची ऱ्हायले न्हाई."

चांगुणाने इळा पदराआड घेतला आणि चुलीपुढे बसली. "लई झाक ठेवलीस गं," ती म्हणाली, आणि पुढचं कुठून सुरू करावं ते तिला सुचेना.