कात्रीकाकांची जाड फाईल

आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत कात्रणे सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे कात्रीकाका म्हणत. एकतीस वर्षे माझे टेबल त्यांच्या शेजारी होते. रोज सकाळी ते अंक चाळत, बातम्या कापत आणि मागे तारीख टाकून त्या त्या ठिकाणाच्या फायलीत लावत. नियम एकच : पहिल्या पानावर आलेलेच कापायचे.

त्यांच्या मुलीला परदेशात, एका इस्पितळात परिचारिकेची नोकरी मिळाली. होकार शुक्रवारपर्यंत कळवायचा होता. "बाबा हो म्हणाले तरच जाईन," असे तिने ठरवले होते आणि काका काही केल्या बधत नव्हते.

गुरुवारी ती कचेरीत आली. काकांनी त्या देशाची फाईल तिच्यापुढे आपटली. "वाच. माझं नको ऐकूस, हे तर ऐकशील?"

दंगल, महापूर, कोसळलेला पूल, पुन्हा दंगल. ती शांतपणे तळापर्यंत गेली. तिथली कात्रणे पिवळी पडली होती : नवी शाळा, फळबागा, एका गावात आलेली वीज.

"हे काय?"

"तेव्हा आपला बातमीदार तिथे राहायचा. मग त्याला परत बोलावलं."

"म्हणजे त्यानंतर तिथे एकही शाळा उघडली नाही?"

"उगाच फाटे फोडू नकोस."

"बरं, आपल्या शहराची फाईल आहे?"

मीच उठून काढून दिली. ती दुप्पट जाड निघाली. आग, दगडफेक, पूर, पुन्हा आग. 'शहर हादरले' असे एक कात्रण तिने काकांपुढे धरले. त्यांनी सवयीने ते उलटून तारीख पाहिली आणि थबकले.

"त्या दिवशी तर आपण तुझा पहिला चष्मा आणायला गेलो होतो. येताना रस्त्यावरच्या सगळ्या पाट्या तू मोठ्यांदा वाचल्यास."

"मग हादरलं ते कोणतं शहर, बाबा?"

काका ते कात्रण परत फायलीत लावू लागले. मला राहवले नाही. "काका, उद्या शुक्रवार."

"तुम्ही नाक खुपसू नका. तुमची मुलगी गल्लीतच दिलीत!"

त्यांनी दोन्ही फायलींच्या नाड्या सावकाश बांधल्या.

"जा," ते म्हणाले. "पण दंगल, पूर कळवायला फोन करू नकोस. ते मला तुझ्या आधी कळेल. खिडकीतून काय दिसतं, भाजी ताजी मिळते का, ते सांग."

"आणि शिळी मिळाली तर?"

"तेही सांग. ते काही पहिल्या पानावर यायचं नाही."