निळी झालेली कोरी बाटली

आमच्या रसायनशास्त्राच्या बाई बावीस वर्षं एक यंत्र फळ्यावर काढत होत्या. द्रावणाचा रंग जितका गडद, तितका कमी प्रकाश त्यातून पलीकडे पोचतो, आणि त्यावरून द्रावणात काय किती आहे ते हे यंत्र सांगतं. खडूने काढलेलं ते इतकं सुबक असायचं की कॉलेजात खरं यंत्र नाही याची आम्हाला कधी खंतच वाटली नाही. बाईंना मात्र वाटायची.

एका मोठ्या संशोधन संस्थेत दर उन्हाळ्यात दहा आठवड्यांसाठी बाहेरच्या कॉलेजांतले एक शिक्षक आणि त्यांचा एक विद्यार्थी अशा जोड्या घेत. बाईंनी चार वर्षं अर्ज केला आणि चारही वेळा नकार पचवला. पाचव्या वर्षी होकार आला तेव्हा त्या चोपन्न वर्षांच्या होत्या. पंचावन्न पूर्ण झालेल्या शिक्षकांना घेत नसत, म्हणजे ही शेवटचीच संधी. सोबत त्यांनी मला निवडलं. वर्गात माझ्यापेक्षा हुशार दोघीजणी होत्या.

"त्यांना कोणीही नेईल गं," बाई म्हणाल्या. "तुला मीच न्यायला हवं."

याला कौतुक म्हणायचं की काय, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

तिथे आम्हाला विहिरींच्या पाण्यातलं फॉस्फेट मोजायचं काम मिळालं. पाण्यात ठरलेलं द्रावण घातलं की फॉस्फेट असेल तितका निळा रंग चढतो, आणि तो बाईंच्या फळ्यावरच्याच यंत्राने मोजायचा. दर खेपेला एक बाटली नुसत्या शुद्ध पाण्याची. तिला 'कोरी' म्हणायचं. तिच्यात काहीच नसतं, म्हणून तिला रंग येता कामा नये.

प्रयोगशाळेच्या प्रमुखांना सगळे पाठीमागे 'दशांश' म्हणत, कारण टिंबापुढचे आकडे विसरणाऱ्याची ते बिनपाण्याने करायचे. पाचव्या आठवड्यात ते प्रत्येक जोडीचं काम तपासत. ज्यांच्या आकड्यांवर भरवसा ठेवता येत नाही, त्यांची घरी रवानगी.

आमच्या तपासणीला कोरी बाटली निळी झाली. अगदी विहिरीच्या पाण्याइतकी निळी.

"बाटल्या कोणी धुतल्या?" दशांशांनी विचारलं.

एरवी धुणारे काका रजेवर होते. "मी," मी म्हटलं. "साबणाच्या पावडरने. चांगल्या घासून."

धुण्याच्या त्या पावडरीतच फॉस्फेट होतं. इथे साबण चालत नाही, सौम्य आम्ल आणि शुद्ध पाणी, बस, असं पहिल्याच दिवशी सगळ्यांना बसवून सांगितलं होतं. मी तिथे होते, पण लक्ष नव्हतं. हाताला कॉलेजातलंच वळण होतं. बाटली पावडरने घासायची, उजेडात धरायची, आणि लखलखली नाही तर बाई परत घासायला लावायच्या.

"ही मुलगी उद्यापासून नको," दशांश म्हणाले. "बाई, तुम्ही राहा. तुमचं काम चांगलं आहे."

बाईंचा चेहरा लाल झाला होता, पण आवाज वर्गातलाच होता.

"सर, तिला असं धुवायला मी शिकवलं. बावीस वर्षं सगळ्यांना हेच शिकवलं. घालवायचंच तर मला घालवा, म्हणजे चूक मुळासकट जाईल."

दशांशांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. "चार दिवस देतो," ते म्हणाले. "दोघींना."

ते चार दिवस आम्ही बाटल्याच धूत होतो. दुधाने तोंड पोळलेल्या माणसासारख्या आम्ही शुद्ध पाणीसुद्धा संशयाने बघायला लागलो. चौथ्या दिवशी कोरी बाटली स्वच्छ राहिली. दशांशांनी तिसऱ्या दशांशस्थळापर्यंत आकडा वाचला आणि "हं" म्हणाले. तिथे याहून मोठी शाबासकी नव्हती.

शेवटच्या दिवशी सामान बांधताना मला राहवेना. "बाई, साबण नको म्हणून आधीच सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही. चूक तुमची नव्हती."

"माहीत आहे," त्या अॅप्रनची घडी घालत म्हणाल्या. "मी तुझ्या मागेच बसले होते. तू खिडकीबाहेर बघत होतीस."

"मग?"

"मी नीट ऐकलं होतं. रोज म्हणायचे, पोरीला सांगू. पण आपण इतकी वर्षं चुकीचं शिकवलं, हे तुला कुठल्या तोंडाने सांगू? लाज वाटली गं. म्हणून तुझ्यावर ती वेळ आली."

मी त्यांची बॅग उचलली.

आज मी पाणी तपासण्याच्या नोकरीवर पोट भरते आणि बाईंचे उपकार मानते. जी गोष्ट पाच आठवडे मला एकटीला सांगायची त्यांना लाज वाटली, ती माझी जागा जाते म्हटल्यावर त्यांनी भरल्या खोलीत सांगितली.