बंडूच्या वजनातला अडकित्ता

शुद्धलेखनाच्या चुका होतील आणि अक्षर तर कोंबडी वहीवरून चालत गेल्यासारखं आहे, त्याबद्दल आधीच माफी. चौथीनंतर मी फक्त धोब्याचे कपडे लिहिले. पण माझ्या मुलाचं वजन एका आठवड्यात पाव किलो कसं वाढलं, ते लिहून ठेवायलाच हवं.

आम्ही मुलुंडला चाळीत राहायचो. दर मंगळवारी बालवाडीच्या खोलीत नर्सबाई यायच्या, वाशाला काटा टांगायच्या आणि आमची पोरं झोळीत घालून जोखायच्या. मला त्या काट्याचं भारी कुतूहल. सुई थांबेपर्यंत मी श्वास घेत नसे. बंडू पाच महिन्यांचा, पण नुसती काडी. म्हणून त्याला दर आठवड्याला दूध पावडरीची पुडी मिळायची.

जोखलं की पोराला दृष्ट लागते, असं सासूबाईंचं मत. लोखंड जवळ असलं की लागत नाही! म्हणून एका मंगळवारी त्यांनी मला न सांगता आपला सुपारीचा अडकित्ता त्याच्या दुपट्यात बांधला. सुई सरकन पुढे गेली. बाई हरखल्या आणि त्यांनी पुडी बंद केली. बंडू आता सुदृढ!

अडकित्ता मला घरी आल्यावर दिसला. पण बाईंना सांगायचं म्हणजे तोंड उघडायचं, आणि मी तर भाजीवाल्यालाही बोटानेच भाजी दाखवायची. न सांगता वजन उतरलं, तर बाई कारण विचारणार. त्यापेक्षा पुढच्या मंगळवारी अडकित्ता मीच बांधला. (तोवर तो मी लपवून ठेवला. सासूबाई आठवडाभर सुपारी दातांनी फोडत होत्या.) तेव्हा बाई म्हणाल्या, वाढ थांबली की काय? म्हणून त्यापुढच्या खेपेला वेलची कुटायचा बत्ताही गेला.

महिन्यात ज्याचं वजन सर्वांत जास्त वाढेल, त्याला बाई पदरचे पाच रुपये द्यायच्या. ते बंडूला मिळाले! मी त्या पैशांची दूध पावडर आणली, कारण पोर अजून काडीच होतं.

पुढच्या मंगळवारी बाईंनी सगळ्या आयांना जवळ बोलावलं. "बघा गं, बाळसं कसं असतं ते," म्हणत दुपटं सोडलं. बत्ता त्यांच्या अंगठ्यावर पडला, मागून अडकित्ता.

"हे काय?"

"दृष्ट," मी म्हणाले. महिन्याभरात त्यांच्याशी बोललेला हा माझा पहिला शब्द.

"एवढी जड?"

बायका हसल्या. बाईंनी बंडूला उघडा जोखला. सुई महिन्यापूर्वीच्याच जागी. आता कोणी हसेना.

"पोराचं दूध लाजेपायी तोडलंस गं," त्या हळूच म्हणाल्या आणि दोन पुड्या दिल्या.

त्यापुढच्या मंगळवारी सुई केसभर सरकली, स्वतःहून. या वेळी बाईंनीही श्वास रोखला होता.

पाच रुपये मी आठ-आठ आण्यांनी दहा मंगळवारांत फेडले. शेवटचे आठ आणे बाईंनी न बघताच पर्समध्ये टाकले. दुपटं मात्र दोनदा झटकलं.