जिथं गवत उपटायचं नाही

अम्मी-अब्बा यंदा हजला निघालेत. घरात कॉलेज शिकलेला मी पहिलाच, आणि ते मी मिरवतोही. म्हणून प्रवासाच्या सूचना वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. दुपारी जेवणं झाल्यावर शेताच्या बांधावर बसून मी वाचत होतो. अम्मी ऐकत होती आणि सवयीनं शेजारचं गवत उपटत होती.

"मक्केच्या हद्दीत रानात उगवलेलं गवतही उपटू नये," मी वाचलं, तसा तिचा हात थांबला.

अब्बा हसले. "आता गं! तू तर लग्नाच्या मांडवातही बसल्या जागी खुरपणी करतेस."

"हसू नका. जन्मभर वाट बघून तिथं जायचं, आणि या हातांनीच घात केला तर?" तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

मी ती ओळ पुन्हा वाचली. राजधान्या, किल्ले, तह, सगळं मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. पण जिथं गवतालाही कुणी धक्का लावायचा नाही, असं गाव माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. तिथं लाखो माणसं चालत असतील, आणि एखाद्या दगडाच्या कडेला एक काडी बिनघोर हलत असेल.

अम्मी पायाजवळच्या हरळीकडे बघत होती. जन्मभर ती हिच्याशीच भांडत आलेली. तिनं एक बोट पुढं केलं, पातं अलगद कुरवाळलं आणि हात मागं घेतला.

"एवढं चालतं का रे तिथं?"

सूचनांत ते नव्हतं. "चालत असेल," मी म्हणालो, आणि माझा आवाज आपसूक खाली आला.